लाल ठिपका, उजवा अंगठा

परवा सूनबाईंनी त्यांच्या भावाच्या लग्नाचा स्लाइड शो कॉम्प्युटरवर लावला. फोटो डावीकडून घसरत आले, गिरक्या घेत गेले. एक तर पापडासारखा तडकला आणि त्याच्या तुकड्यांमधून दुसरा निघाला. नवरदेवाच्या मामांचेच फोटो इतके होते की पहिल्या फोटोत काळ्या केसांचे असलेले मामा शेवटच्यापर्यंत पिकले असावेत. मी मध्ये एक झोप काढून उठलो तरी मंगलाष्टकंच चालू होती.

"कसं वाटलं, बाबा?"

"लग्न याच्यापेक्षा लवकर आटोपलं असेल."

त्या रुसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर हेच केलं म्हणता ना? मग लिहून द्या, कसं करायचं असते ते." आता सासऱ्याला कोणी गप्प बसवण्याऐवजी लिहायला बसवत असेल, तर ती संधी सोडणारा मी नव्हे.

तर मी नागपूरचा स्लाइडवाला. सीताबर्डीवर माझा फोटोचा दुकानवजा बोळ होता. बोळ म्हणायचं कारण, गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर जावं लागे. सत्तरीच्या दशकात रंगीत स्लाइड पडद्यावर दाखवणारे गावात आम्ही दोघेच होतो. दुसऱ्याचा प्रोजेक्टर सदान्‌कदा दुरुस्तीला गेलेला असे, आणि तो तिथेच राहावा म्हणून मी टेकडीच्या गणपतीला नियमित नारळ फोडत असे.

ज्यांनी स्लाइड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीच्या फिल्मवर फोटो उलट्या रंगाचा येतो, माणसं भुतासारखी दिसतात. स्लाइडच्या फिल्मवर खरे रंग येतात. ती धुवायला मुंबईला पाठवायची, परत येईपर्यंत गिऱ्हाइकाला चहा पाजायचा. आली की एकेक चौकट कापायची, पुठ्ठ्याच्या चौकोनी फ्रेममध्ये बसवायची. झाली स्लाइड. ती प्रोजेक्टरच्या फटीत सरकवली की मागून दिवा, पुढून भिंग, आणि समोरच्या चादरीवर तुमची आत्या खोलीएवढी मोठी. हा दिवा म्हणजे नुसती भट्टी. नागपूरचा मे महिना आणि वर तो दिवा! एकदा एका नवरीची स्लाइड जरा जास्त वेळ राहिली, तर उष्णतेनं फिल्म फुगली आणि सगळ्यांच्या देखत नवरीचं नाक हळूहळू बटाट्यासारखं झालं. तिची सासू म्हणाली, "मले तं आधीच वाटलं होतं." त्या दिवसापासून मी प्रोजेक्टर कूलरसमोर ठेवू लागलो. वऱ्हाड घामाघूम, यंत्र थंडगार. लोक शिव्या देत, पण नाकं जागेवर राहत.

आता मुद्द्याचं. स्लाइड सरळ दाखवायची तर फटीत ती डोक्यावर उभी करून घालावी लागते. भिंगाचा स्वभावच तसा, सगळं उलटं करून देतं. त्यात स्लाइड चौकोनी. फिरवायला चार बाजू, पुन्हा पुढचं-मागचं अशी दोन अंगं. म्हणजे घालायच्या तऱ्हा आठ. त्यांपैकी सात चुकीच्या. अंधारात, हाताला घाम, शेजारी कोणाचा तरी काका "आमचा फोटो कधी येते गा" म्हणून खांद्याला झोंबतो आहे, अशा वेळी ती एक बरोबर तऱ्हा सापडायची कशी? त्यासाठी प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात लाल ठिपका. स्लाइड उचलली की ठिपका उजव्या अंगठ्याखाली आला पाहिजे. आला तर जग सरळ. एवढ्या एका ठिपक्यावर माझी इज्जत आयुष्यभर टिकली. गावातल्या त्या दुसऱ्या स्लाइडवाल्यानं ठिपके लावायचा आळस केला, आणि एका पुढाऱ्याचा सत्कार अख्खा खाली डोकं वर पाय असा दाखवला. पुढारी म्हणे खूश झाला, त्याला वाटलं योगासनाचा कार्यक्रम आहे.

बाकी युक्त्या साध्या. शंभर फोटो काढले तर पंचवीस दाखवायचे आणि उरलेले दाखवा म्हणून लोकांना मागे लागू द्यायचं. पहिली स्लाइड यजमानाची. तोंडात घास असलेला फोटो बाद, मग तो देवासारखा माणूस का असेना. सनईची टेप आधी ऐकून घ्यायची, नाहीतर मध्येच बातम्या सुरू होतात. चादरीला खळ देऊन इस्त्री. सुरकुती राहिली आणि ती नेमकी वरमाईच्या गालावर आली, तर तुम्ही मेलात.

आणि सर्वांत मोठी युक्ती म्हणजे पाच सेकंद. स्लाइड लावायची, मनात एक ते पाच, की पुढची. कारण पाच सेकंदांत माणूस फक्त स्वतःला शोधतो. मी कुठं आहे? सापडलो. कसा दिसतो? झाले पाच. त्याच्यापेक्षा जास्त ठेवली की मग तो इतरांकडे बघायला लागतो, आणि तिथून भानगडी सुरू होतात.

एकदाच मी हा नियम आपणहून मोडला. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतले एक गिरणी कामगार आईला घेऊन सांचीला जाऊन आले होते. स्लाइड एकच धड आली होती. स्तूपासमोर म्हातारी, हात जोडलेले. ते म्हणाले, "हीच लावून ठेवा, बाबूराव. सारी वस्ती येऊन पाहून जाईल." मी कूलर ओढून घेतला आणि ठेवली. लोक येत होते, बसत होते. हळूहळू एकेकाला काय काय दिसायला लागलं. एकीला म्हातारीचं नवं लुगडं दिसलं, एकीला तिनं बाजूला नीट जोडून ठेवलेल्या चपला दिसल्या. एका बाईला तिच्या पायाच्या भेगासुद्धा दिसल्या आणि ती रडायला लागली. जास्त वेळ ठेवलेली स्लाइड काय काय बोलायला लागते, हे मला तेव्हा कळलं. धंद्याच्या दृष्टीनं मात्र ते फार धोक्याचं.

किती धोक्याचं, ते गडेकर मास्तरांच्या मुलाच्या साखरपुड्यात कळलं.

गडेकर मास्तर म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेचे हेडमास्तर. उभे राहिले की झेंड्याची काठी, बोलले की घंटा. त्यांचा सारा जीव एका गोष्टीत: डावा हात. पोट्टा डाव्या हातानं लिहिताना दिसला की मास्तरांची लाकडी पट्टी त्या हातावर बसलीच. त्यांच्या शाळेतून एकही डावरा बाहेर पडला नाही, असं ते अभिमानानं सांगत. त्यांच्या भीतीनं शाळेतली घड्याळंसुद्धा उजव्या बाजूलाच चालत, असं मी सांगत असे.

त्यांचा मुलगा विनायक. त्याला मुलगी सांगून आली ती नंदनवन वस्तीतल्या वासुदेवरावांची कुंदा. वासुदेवराव पोस्टात होते, आणि चेहऱ्यावर कायम तार आल्याचा भाव. बघायच्या कार्यक्रमात मास्तरांनी गाणं विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. एकच प्रश्न: "मुलगी डावरी नाही ना?"

वासुदेवराव म्हणाले, "छे छे."

कुंदा पक्की डावरी होती.

लिहायची उजव्यानं, तेवढं शाळेनं करून घेतलं होतं. पण पळी, झाडू, सुई, सगळं डाव्यानं. मग घरात तालीम सुरू झाली. कढीचं भांडं डाव्या हातात, पळी उजव्यात. पोरीनं म्हणे अर्धी कढी जमिनीला पाजली, पण शिकली.

त्यानंतर दोन्ही घरं मिळून रामटेकला गेली. देवदर्शन, मग खाली तलावाकाठी झाडाखाली वडाभाताची पंगत. फोटोला मी. कुंदा कढी वाढत होती, उजव्या हातानं, परीक्षेला बसल्यासारखी. मास्तर पंगतीच्या टोकाला. आणि तेवढ्यात रामटेकचं ते माकड आलं.

माकड म्हणजे कसलं, गेल्या जन्मीचा पैलवान. झाडावरून उतरलं ते सरळ बुंदीच्या परातीकडे. बायका किंचाळल्या. मास्तर उठले, पायातली नसलेली चप्पल शोधली, शेजारची कोणाची तरी उचलली आणि हात मागे नेऊन भिरकावली. त्याच क्षणी मी खटका दाबला. चप्पल माकडाला लागली की नाही सांगता येत नाही, पण माकड बुंदी टाकून चप्पल घेऊन पळालं. मास्तर विजयी. पुढचे आठ दिवस महालात दुसरा विषय नव्हता. माकडाची उंची रोज वाढत होती.

फिल्म धुऊन आली. मास्तर दुकानात हजर, म्हणजे मी बाहेर.

"बाबूराव, तो माकडाचा फोटो साखरपुड्याच्या शोमध्ये पाहिजे. बाकी एकही नसला तरी चालेल."

ते गेले आणि वासुदेवराव आले. पाहुण्यांसारखे बसले, मग एकदम माझे हात धरले. "बाबूराव, माह्या पोट्टीचं लग्न तुमच्या त्या डब्बीत आहे. माकड आलं तेव्हा ते दचकली ना. पळी कोन्या हातात गेली, पाहून घ्या."

मी स्लाइड उजेडाला धरली. कुंदा मधोमध उभी, तोंड माकडाकडे, आणि डाव्या हातातल्या पळीतून कढी विनायकच्या पानात. जन्माचा हात वेळेला धावून आला होता.

"हा फोटो नका दाखवू, देवा."

"मास्तरांना हाच पाहिजे."

"मंग मी काय करू?"

मी पुन्हा स्लाइड बघितली. कुठं पाटी नाही, अक्षर नाही, कोणाच्या मनगटावर घड्याळसुद्धा नाही. आणि मला एकदम हसू आलं. सात चुकीच्या तऱ्हांपैकी एक अशी आहे की जिच्यात माणसं उभीच दिसतात, फक्त आरशातल्यासारखी. डावं ते उजवं. स्लाइड मागच्या अंगानं घातली की झालं!

"जा घरी," मी म्हणालो. "तुमची पोरगी उजवी करून दाखवतो."

मी लाल ठिपका खरवडला आणि फ्रेमच्या मागच्या अंगाला नवा लावला. अख्खी पंगत त्यात डाव्या हातानं जेवताना दिसणार, हे मला कळत होतं. पण पाच सेकंदांत कोण कोणाचे हात बघतो?

साखरपुडा गोधूलीचा होता आणि मंडळी दुपारीच येऊन धडकलेली. म्हणून मधल्या वेळात माझा शो. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, कूलर प्रोजेक्टरकडे वळवला, शिव्या खाल्ल्या, सुरू केलं. देऊळ, तलाव, दोघी विहिणी. पाच सेकंद, पाच सेकंद. मग माकड.

टाळ्या पडल्या. चादरीवर मास्तर, उजवा हात वर, हातात चप्पल. कुंदा, उजव्या हातात पळी. सुंदर. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन...

"थांबा!" मास्तर उठले. "ही राहू द्या."

"स्लाइड फुगते, मास्तर."

"फुगू द्या. मला सांगू द्या." आणि ते चादरीसमोर जाऊन उभे राहिले. माकड कुठून आलं, परात कुठं होती, सगळं साखरपुड्यालाही बरोबर आणलेल्या लाकडी पट्टीनं दाखवायला लागले. मास्तरांचा तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. लोक आधी स्वतःला बघत होते ते आता आरामात पाय पसरून सगळंच बघायला लागले. माझ्या पाठीवरून घाम निघाला, कूलर असून.

पहिला आवाज मास्तरीणबाईंचा. "अवं माय! मी डाव्या हातानं जेवून राहिली का वं?"

"मी बी तं!" त्यांची बहीण.

"आपण सारेच!" एक काका उठून उभे राहिले. "काहून गा फोटोवाले, आमच्या साऱ्या घराण्याले डावरं करून टाकलं?"

मास्तर वळले. चादरीकडे बघितलं. "स्लाइड उलटी आहे," घंटा वाजली. "सरळ करा."

वासुदेवरावांच्या कपाळावरची तार आता मला वाचता येत होती.

मग मी माझ्या धंद्यातली सगळी अक्कल पणाला लावली, म्हणजे सगळी बेअक्कल. स्लाइड काढली, फुंकर मारली, पुसली आणि पुन्हा घातली, खाली डोकं वर पाय. अख्खं वऱ्हाड आभाळाला लटकून वडाभात खात होतं, एकटं माकड तेवढं नैसर्गिक दिसत होतं.

"सरळ!"

मी आडवी घातली. कढी भिंतीवरून चढायला लागली. दुसऱ्या अंगानं आडवी घातली. मास्तर आकाशातून चप्पल सोडायला लागले. लोक पोट धरून हसत होते आणि मी एकेक चुकीची तऱ्हा वापरून संपवत होतो. साताच्या पुढे काय, हे मला माहीत होतं. बल्ब उडेल म्हणून बघत होतो, आणि तो मेला त्या दिवशी एकदम ठणठणीत.

इतक्यात माझ्या शेजारी बांगड्या वाजल्या. कुंदा.

"काका," ती हळूच म्हणाली, "आता उरली ते लावा."

"पोरी, लग्न मोडन."

"मोडू द्या. आज नाही मोडलं, तं रोज वाढतानी मोडन. मी कढी कुठवर सांडत राहू?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. मी ठिपका पुसला आणि स्लाइड सरळ घातली.

सगळी पंगत उजव्या हातानं जेवायला लागली. "हां, आता!" काका खाली बसले. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे मधोमध गेले. पळी डाव्या हातात. कोणीतरी "अरे बापा" म्हणालं. वासुदेवरावांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांची पट्टी वर गेली.

"वासुदेवराव, तुम्ही मला म्हणाला होतात की..."

आणि पट्टी वरच राहिली. कारण पट्टीच्या टोकाशी, चादरीवर, मास्तर स्वतः होते. चप्पल उगारलेले. डाव्या हातात.



"ही," मास्तर म्हणाले, "ही पण उलटीच आहे."

"नाही, बाबा," मागून विनायक म्हणाला. "सरळ आहे. माझा उजवा हात पानात आहे. आणि कढीपण तिथंच पडली, मला चांगली आठवते. गरम होती."

मास्तरांची जी पंचाईत झाली ती मी कुठल्याही पुढाऱ्याची झालेली पाहिली नाही. स्लाइड उलटी म्हणावी, तर सगळं घराणं डाव्या हातानं जेवणारं. सरळ म्हणावी, तर आपणच डावरे. ते एकदा पंगतीकडे बघत, एकदा स्वतःकडे. शेवटी मास्तरीणबाई उठल्या आणि त्यांच्याजवळ गेल्या.

"सरळच आहे हो," त्या म्हणाल्या. "मले तं लग्नापासून माहीत आहे. मच्छर मारता तेव्हा डावाच हात येते तुमचा. सासूबाई सांगत होत्या, लहानपणी मामंजींनी हा हात कमरेले बांधून ठेवला होता तुमचा. जेवतानी सोडत नव्हते."

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी हसत नाही असा प्रसंग विरळा. मास्तर आपला डावा हात बघत होते, शाळेत पहिल्यांदाच उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसे. पट्टी त्यांनी खिडकीत ठेवून दिली. मग माझ्याकडे वळून जुन्याच आवाजात म्हणाले, "बाबूराव, माकड कुठं आहे यात?"

"डाव्या कोपऱ्यात, मास्तर."

"नेम बरोबर होता म्हणजे."

"एकदम," मी म्हणालो. माकडाच्या अंगाला ती चप्पल लागलीच नव्हती, पण मी तेवढं खरं बोलायच्या मनःस्थितीत नव्हतो.

सतरंज्या काढल्या. उजेड आला, भटजी आले. कुंदा पाटावर बसली. साखरेचा पुडा द्यायचा तो सासऱ्यानं. भटजींनी सवयीनं सांगितलं, "उजव्या हातानं." मास्तरांनी पुडा उजव्या हातात घेतला आणि तसेच थांबले. कुंदानंही उजवा हात पुढे केला होता, तालमीतला. सगळं घर त्या हातांकडे बघत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

मग मास्तरांनी डावा हात आणला आणि पुड्याखाली लावला. दोन्ही हातांनी पुडा धरला. "घ्या, सूनबाई," ते म्हणाले. तिनं दोन्ही हात पसरले. मी खटका दाबला.

ती स्लाइड अजून माझ्याकडे आहे. दोघं समोरासमोर, मध्ये पुडा, चार हात. एवढ्या डब्ब्यांमध्ये ती एकच आहे जिच्यावर मी लाल ठिपका लावलेला नाही. पुढच्या अंगानं घाला, मागच्या अंगानं घाला, काही फरक पडत नाही.